मापासाठी उभा माणूस

आप्पांच्या सात फोटोंपैकी एकाच्याही मागं त्यांचं नाव नाही. निळ्या शाईत, सायबांच्या तिरक्या अक्षरात जागेचं नाव आहे, लांबी आहे, खोली आहे आणि खाली दर वेळी तेच : 'मापासाठी उभा माणूस. उंची पाच फूट पाच.'

माझे वडील, आमचे आप्पा, मोजणीवर खलाशी होते. इंजिनिअर सायब लांबून दुर्बिणीतून बघायचे आणि जिथली पातळी घ्यायची तिथं आप्पा चौदा फुटांची लाकडी पट्टी उभी धरायचे. पट्टीवर लाल-काळे आकडे. काम एवढंच, की पट्टी सरळ धरायची आणि सायबांचा हात वर होईपर्यंत हलायचं नाही. सायबांकडं स्वतःचा कॅमेरा होता. नुसते आकडे वरच्यांना कळत नाहीत, शेजारी माणूस उभा असला की खड्डा किती खोल ते दिसतं, असं ते म्हणायचे. एक फोटो फाईलला जायचा, एक आप्पांना मिळायचा.

आता आप्पा नांदेडला माझ्याकडं असतात. पंच्याऐंशीच्या पुढं गेलेत. एका डोळ्यानं दिसतं, पाय चालत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी ते सात फोटो गादीवर ओळीनं मांडले आणि म्हणाले, "लातूरच्या ह्या जागा बगायच्यात मला आता कशा हायत. तू जा. मी जिथं हाय तिथं उभी राहा आन् फोटू काढून आण."

"नुसत्या जागेचा काढून आणते की," मी म्हटलं.

"नुसत्या जागंचा नगं. माणूस नसला की माप कळत न्हाई."

मी दोन वर्षं टाळलं. कधी गुडघे, कधी ऊन, कधी कुणाचं लग्न. खरं कारण सातवा फोटो. त्या फोटोत मी आहे. ते आप्पांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि चाळीस वर्षांत आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढलेला नाही. तिथं जाऊन उभं राहायचं म्हणजे परत येऊन त्यांच्यासमोर तो शब्द काढायचा, हे मला कळत होतं. तेच नको होतं.

शेवटी या उन्हाळ्यात गेले. एस.टी. लोह्यावरून जाते. लोह्याच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, बाई असो की बाप्या. हे मी आयुष्यभर सांगत आले, कुणी विचारलं नाही तरी सांगत आले. मुलींना वर्गात उभं करून सांगितलं. मात्र त्याच्या पुढचं वाक्य कधी सांगितलं नाही.

लातूरच्या स्टँडवर धाकटा भाऊ बसू स्कूटर घेऊन उभा होता. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शिकला नाही फार, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. हातात एक लांबलचक पांढरा प्लास्टिकचा पाइप होता.

"हे काय रे?"

"पट्टी. चौदा फुटी न्हाई गावली, दहा फुटी हाय. शेजारच्या नळवाल्याकडून आणली, सांजच्याला परत द्यायचीय. बस मागं. धर नीट, कुणाचा डोळा फोडशील."

साठी उलटलेली बाई, नऊवार नाही पण पाचवार नेटकी नेसलेली, मास्तरीण, स्कूटरच्या मागं दहा फुटी पाइप आडवा धरून लातूरभर हिंडली. रिक्षावाले शिव्या घालत होते. बसू त्यांना उलट म्हणत होता, "सरकारी मोजणी हाय, सरका!"

पहिला फोटो रेणापूरकडच्या पाझर तलावाचा. बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा मी नऊ वर्षांची, बसू झोळीत. आप्पा आणि अव्वा, माझी आई, दोघंही त्या तलावाच्या कामावर. आज तिथं बांधावर वेड्या बाभळी माजल्यात, पण मला पाऊल ठेवल्या ठेवल्या तो वास आला. खरं तर वास नव्हताच, माझ्याच नाकात कुठं तरी राहिलेला होता. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा. ती तव्यावरच भेगाळायची आणि तिला ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. त्यात मिसळलेला, कामावर वाटायच्या सुकडीचा गोड, करपट वास. आणि या सगळ्यावर धूळ, अशी धूळ की संध्याकाळी सगळ्या माणसांचा रंग एक व्हायचा. कानात पहारींचा आवाज. खण्ण, मग थोडी उसंत, मग दुसरीकडून खण्ण. घरी निजल्यावरही तो आवाज थांबायचा नाही.

आप्पा तिथं खडी फोडायला होते. सायबांची पट्टी धरणारा माणूस तापानं पडला म्हणून त्यांनी आप्पांना हाक मारली. आप्पा उभे राहिले. पायाखाली लाल मुंग्यांचं वारूळ होतं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मुंग्या पोटरीपर्यंत चढल्या, आप्पा हलले नाहीत. सायबांनी हात वर केला तेव्हा पट्टी अलगद आडवी ठेवली आणि मग पाय झाडत असे पळाले की सगळं काम थांबून हसायला लागलं. त्या दिवसापासून आप्पा मोजणीवर. अव्वा डोक्यावर मातीची पाटी घेऊन त्यांच्या शेजारून जायची आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "नुसतं उभं राहायला बी माणूस लागतंय व्हय?" आप्पांना हसता यायचं नाही. हसलं की पट्टी हलते. ते नाकपुड्या फुगवून उभे राहायचे, आणि बाया पदर तोंडाला लावून त्यांच्यापुढं मुद्दाम रेंगाळायच्या.

तेव्हा मला त्यांचा किती अभिमान होता! पोरांना सांगत फिरायचे, माझा बाप मुंग्यांनी खाल्ला तरी हलला न्हाई.

"सरळ उभी राहा की अक्का," बसू मोबाइल धरून ओरडला. "शाळंत पोरांना कसं उभं करत व्हतीस?"

मी उभी राहिले. माझी उंची पाच फूट. आप्पांना पाच इंचांचा हिशेब करावा लागणार होता.

नंतरच्या जागा भराभर झाल्या. कोरड्या विहिरीवर आता जाळी टाकलीय, आत बाटल्या. गंजगोलाईत, जिथं सायबांनी दुर्बीण लावली होती, तिथं फुलांच्या गाड्या. एका फुलवाल्यानं पाइप बघून विचारलं, "अतिक्रमण काढताव का काय बाई?" आणि गाडी ढकलायलाच लागला. बसूनं त्याला जुना फोटो दाखवला, तसा तो परत आला, फोटोकडं बघत राहिला आणि म्हणाला, "हितं येवढी मोकळी जागा व्हती? मंग गर्दी कुठं बसायची?" त्यानं मला मोगऱ्याचा एक गजरा दिला. मी तो हातातच ठेवला, माळला नाही.

मधले तीन फोटो नव्या जिल्ह्याच्या वेळचे. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी बी.ए.ला होते. त्याआधी सगळ्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागायचं. जिल्हा झाला आणि गावाला ताज्या चुन्याचा आणि रंगाचा वास सुटला. पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहिणारे पेंटर शिडीवर चढलेले. माझ्या एका गुणपत्रिकेवर जुना जिल्हा आहे, दुसरीवर नवा. जिकडं तिकडं मोजणी. आप्पा सकाळी कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सारून निघायचे ते अंधार पडायच्या बेतात यायचे. घामानं विभूतीचे ओघळ भुवयांपर्यंत आलेले. खाकी शर्टाला पट्टीच्या रोगणाचा वास. पाय धुताना अव्वाला सांगायचे, "आज कलेक्टरला जागा दिली मी."

मी भिंतीकडं तोंड करून वाचत बसलेली असायचे. तशीच, मान न वळवता म्हणायचे, "कलेक्टर नाही आप्पा, जिल्हाधिकारी म्हणायचं."

"जिल्हाधिकारी," आप्पा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत कलेक्टर.

कॉलेजात मी सांगितलं होतं, वडील मोजणी खात्यात आहेत. शैला नावाची माझी मैत्रीण होती, वकिलाची मुलगी, उंच, गोरी, घरात टेलिफोन असलेली. तिनं विचारलं, "म्हणजे जीपमधून येतात?" मी म्हटलं, "कधी कधी." ते खोटं नव्हतं. आप्पा जीपमधूनच यायचे. मागं, दुर्बिणीची तिपाई मांडीवर घेऊन.

सातवा फोटो त्या कॉलेजच्या रस्त्याचा. बसूनं स्कूटर लावली. रस्ता आता चौपदरी, दुभाजकात कण्हेर. कडुनिंबाचं झाड मात्र तेच, नुसतं जाड झालेलं. मी म्हटलं, "राहू दे रे. सहा झाले. ऊन झालंय."

"सहाच कामून? आप्पा सात मोजंल. चल, उतर."

त्या दिवशीही असंच ऊन होतं. तास सुटला आणि आम्ही चौघी फाटकातून बाहेर पडलो. माझ्या खांद्याला अव्वानं निळ्या खणाची शिवलेली पिशवी होती. रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीच्या नेमकं बाहेर, आप्पा पट्टी धरून उभे. डोक्याला टॉवेल, कपाळ पट्टीला जवळजवळ टेकलेलं, डोळे समोर. पन्नास पावलांवर सायब दुर्बिणीला डोळा लावून वाकलेले. मला परतायला जागा नव्हती. मागून सगळं कॉलेज येत होतं.

शैला हसत म्हणाली, "बघ गं, खांब धरून झोपलाय का काय हा!"

बाकीच्या दोघी हसल्या. आणि मीही हसले. तोंड दाबून नाही, आवाज करून. नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, हसले नाही तर ओळखतील. आप्पांच्या इतक्या जवळून गेले की मला रोगणाचा वास आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांना पाहता येणारच नव्हतं, पट्टी धरली होती ना. पण मी चार पावलं पुढं गेले आणि मागून सायब ओरडले, "वीरभद्रा! हललास की रे! आज काय झालं तुला?"

मी मागं वळले नाही. त्याच वेळी कधी तरी सायबांनी फोटो काढला. सात फोटोंत या एकाच फोटोत पट्टी तिरकी आहे. मागं चार मुली पाठमोऱ्या, एकीच्या खांद्याला गडद पिशवी.

तो फोटो आप्पांनी घरी आणला, बाकीच्यांसारखा अव्वाला दाखवला, पत्र्याच्या पेटीत ठेवला. मला काही म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी भाकरी नेहमीएवढीच खाल्ली. मी ती मोजत होते.

"अक्का, गडबड हाय ह्यात," बसू जुना फोटो डोळ्याजवळ धरून म्हणाला. "मागं चार पोरी हायत. पोरी पायजेत की."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं फाटकातून येणाऱ्या मुलींना हाक मारलीसुद्धा. तोंडाला ओढण्या बांधलेल्या चौघी, पाठीवर बॅगा.

"आजी, रील बनवताय का?" एकीनं विचारलं.

"रील न्हाई गं बाई, जुना फोटू हाय," बसू म्हणाला. "तुमी नुसतं तिकडं तोंड करून चालायचं."

"चेहरा दिसणार नाही ना? मग चालतंय."

मी पाइप धरून झाडाजवळ उभी राहिले. त्या चौघी हसत माझ्या शेजारून गेल्या. कशाला हसत होत्या कुणास ठाऊक, बहुतेक त्या पाइपाला. पण त्यांचं हसू पाठीमागून ऐकताना मी तो पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला. ज्याच्याकडं बघून हसतात, त्याला ते पाठीवर ऐकू येतं, मानेजवळ. मला साठ वर्षांत हे माहीत नव्हतं.

मुली परत आल्या, जुना फोटो बघायला. ती पहिली मुलगी म्हणाली, "हे कोण?"

"माझे वडील," मी म्हटलं. "खलाशी होते. पट्टी धरायचे." त्या रस्त्यावर हे मी पहिल्यांदा म्हटलं.

"किती ताठ उभेत! आन् ह्या मुली?"

"ही पिशवीवाली मी."

बसूनं माझ्याकडं पाहिलं. मुलगी मात्र खूश झाली. "म्हणजे तुम्ही दोघंपण एकाच फोटोत! पण मग तुम्ही तिकडं कुठं चाललात? थांबला का नाहीत?"

"घाई होती," मी म्हटलं.

मुली गेल्या. मी पुन्हा खोटं बोलले होते, त्याच जागेवर, पोरवयाच्या मुलीशी. बसूनं मोबाइल खिशात घातला.

"घाई कसली व्हती?"

मी सांगितलं. झाडाखाली उभी राहून, थोडक्यात सांगितलं. शैलाचं वाक्य सांगितलं, माझं हसणं सांगितलं. बसू एरवी कशालाही थट्टा करतो. त्यानं त्या दिवशी केली नाही.

"अव्वाला ठावं व्हतं?"

"नाही बहुतेक."

"आप्पाशी बोललीस कधी?"

"त्यांना माहीत आहे रे. त्यांनी ऐकलंय."

"मंग ज्याला माहीतच हाय त्याला सांगायला तुजं काय जातंय?" तो म्हणाला. पाइप स्वतःच घेतला, स्कूटरला लावला. परत जाताना एकदाही 'सरका' म्हणाला नाही.

त्यानं सातही फोटो मोठे छापून दिले, कारण आप्पांना मोबाइलवर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नांदेडला ते आप्पांच्या गादीवर जुन्या फोटोंच्या खाली मांडले. ते प्रत्येक फोटो चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बघत होते.

"ही जागा न्हाई. बांध तिकडं वळतोय, तू लई अलीकडं उभी राहिलीस." मग, "ही बरोबर." मग, "हातात गजरा कामून?"

सातवा उचलला. मी गादीच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला ओळख दाखवली नाही. आणि हसले. शैला बोलली आणि मी हसले."

आप्पांनी फोटो खाली ठेवला नाही. "पयली उंच पोरगी हासली," ते म्हणाले. "मंग दोघी. तू शेवटून."

चाळीस वर्षं त्यांच्याकडं तो क्रमसुद्धा होता.

"तुम्ही मला बोलला का नाहीत? मारायचं तरी."

"काय बोलायचं? तुला शिकायला मीच धाडलं व्हतं." मग म्हणाले, "मठात तुजा सत्कार झाला न्हाई का, पास झालीस तवा. मी अव्वाला म्हणलो, औशाला ड्यूटी हाय. औशाला गेलोच न्हाई मी. सुट्टी घेतली व्हती. धुतलेलं धोतर बी नेसलो व्हतो. मंग स्टँडावर बसून राहिलो सांजपातुर."

"रागानं?"

"रागानंच. दुसरं काय? तुला वाटलं आसंल, बापाला कामातून सवड न्हाई."

मला तसं वाटलं नव्हतं. मला काय वाटलं होतं ते मी कुणालाच कधी सांगितलं नाही. बसूलाही त्या झाडाखाली सांगितलं नव्हतं. मठाच्या अंगणात पास झालेल्या मुलामुलींना आईवडिलांसकट वर बोलवत होते, नारळ आणि शाल. धुपाचा वास, सतरंजीवर बायांची दाटी, अव्वा पुढच्या रांगेत एकटी, तिच्या मांडीला टेकून बसू पेंगत होता. शैला तिच्या वडिलांना घेऊन आली होती. माझं नाव पुकारेपर्यंत मी दाराकडं बघत होते.

हे आप्पांना माहीत नव्हतं. न सांगताही चाललं असतं. त्यांचा राग त्यांच्यापाशी राहिला असता, माझी माफी मागून झाली असती, आणि दोघंही जेवलो असतो.

"आप्पा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी मठाच्या दाराकडं बघत होते. तुम्ही येऊ नये म्हणून. नाही आलात तेव्हा मला बरं वाटलं."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. ज्या डोळ्यानं दिसतं तो डोळा माझ्यावर धरला.

"हे मला ठावं नव्हतं," आप्पा म्हणाले.

बाहेर नळाला पाणी आलं. आमच्याकडं चार दिवसांनी येतं. तो आवाज आला की घरातलं माणूस हातातलं टाकून पळतं. मोरीतली रिकामी बादली भरली, मग वरून वाहायला लागली. आम्ही दोघंही तिथंच बसून ते ऐकत होतो.